‘गारी’ लिहिणाऱ्या मुलाचे शिक्षक

(पनवेल येथे शिक्षक, छात्राध्यापक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव येते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव घरोघरी ठाऊक आहे. त्यांचे बंड, त्यांचा एडनचा कारावास, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच आलेला मृत्यू हे सर्व पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाते. मात्र एक गोष्ट तितकी सांगितली जात नाही. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या या तरुणाचे नाव वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर एका शाळेच्या संस्थापकांत घेतले जाते. ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ हे त्या शाळेच्या संस्थेचे नाव. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. हाती शस्त्र घेणाऱ्या माणसाला त्याआधी शाळा काढावीशी वाटली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आणि योगायोग असा, की त्याच संस्थेची शाळा आज शिरढोणपासून फार दूर नसलेल्या कळंबोलीत चालते.

वासुदेव बळवंतांच्या काळातील शाळेत बसणारी मुले बहुतांशी एकाच थरातून येत. शिक्षकाची भाषा आणि विद्यार्थ्याची भाषा एकच असे. घरी जे शब्द कानी पडत तेच फळ्यावर दिसत. अशा वर्गात शिकवायला विद्वत्ता आणि निष्ठा एवढी सामग्री पुरेशी होती. आज कळंबोलीच्या, कामोठ्याच्या किंवा तळोज्याच्या कोणत्याही शाळेच्या दारात सकाळी पाच मिनिटे उभे राहिले, तर ती सामग्री का पुरत नाही याचे उत्तर कानांनाच मिळते.

पनवेल हे जुने गाव आहे. येथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे देशातील आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. बंदर, घाटमाथ्यावरचा बैलगाड्यांचा व्यापार, भाताची कोठारे यांवर ते वाढले. वेगवेगळ्या लोकांनी शेजारी राहणे या गावाला नवे नाही. बेने इस्रायलांचे बेथ एल सिनेगॉग येथे १८४९ पासून उभे आहे आणि कोकणी मुसलमानांची वस्ती त्याहूनही जुनी आहे. परंतु त्या विविधतेची सर्वांना सवय होती. ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि चित्र पालटले. आगरी-कोळी समाजाची भातखाचरे आणि मिठागरे संपादित झाली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांनी प्राण वेचले. नवे पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही उपनगरे उभी राहिली. लोखंड-पोलाद बाजार आला, तळोज्याची औद्योगिक वसाहत वाढली. जुन्या पनवेल नगरपालिकेच्या हद्दीत २००१ च्या जनगणनेत एक लाख चार हजार माणसे होती, ती दहा वर्षांत एक लाख ऐंशी हजार झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या हद्दीतील लोकसंख्या २०११ च्या गणनेनुसारच पाच लाखांच्या घरात होती. त्यानंतर अटल सेतू झाला, आणि २०२५ च्या डिसेंबरात विमानतळावरून प्रवासी वाहतूकही सुरू झाली. आता किती लोक आहेत हे पुढची जनगणना सांगेल. शाळेच्या हजेरीपटाला मात्र ते आधीच कळलेले असते.

त्या हजेरीपटात कोण कोण असते? आगरी घरातील मूल असते. बाजारात माल उतरवणाऱ्या हमालाचे, ट्रकचालकाचे, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले मूल असते. बांधकामावर विजापूर-कलबुर्गीकडून आलेल्या बंजारा कुटुंबाचे, घरी गोरबोली बोलणारे मूल असते. तेलुगू बोलणारे असते. साताऱ्या-सांगलीकडून आलेल्या माथाडी कामगाराचे, मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेल्या कुटुंबाचे असते. डोंगराकडच्या वाडीवरचे कातकरी किंवा ठाकूर मूल असते. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांमुळे खारघरच्या चकचकीत शाळेतही डॉक्टरांच्या मुलीशेजारी रिक्षाचालकाचा मुलगा बसतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून अनेक खासगी शाळांना या राखीव जागांतून सूट देण्याचा प्रयत्न केला, तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द ठरवला. म्हणजे ही मुले एकत्र बसणार, हे आता ठरलेले आहे. त्यांच्यासमोर उभे राहणारे कोण, हा प्रश्न उरतो.

उत्तर सोपे आहे: पदवीधर. बी.ए., बी.एस्सी. झालेला, त्यावर बी.एड. केलेला तरुण, बहुतेक वेळा तरुणी. या सभेत अशा अनेक भगिनी बसल्या आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांना काय शिकवून पाठवले जाते याचा आहे.

एक उदाहरण घ्यावे. पाचवीतील आगरी घरचा मुलगा निबंधात ‘गाडी’ऐवजी ‘गारी’ लिहितो, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोला’ लिहितो. ‘मला द्या’ म्हणायच्या ठिकाणी ‘मना द्या’ म्हणतो. नव्या बाई लाल शाईने चारही शब्दांखाली रेघ मारतात. त्यांच्या दृष्टीने या चार चुका आहेत. पण नीट पाहिले तर येथे चूक अशी एकही नाही, नियम आहेत. आगरी बोलीत दोन स्वरांच्या मध्ये येणारा ‘ड’ हा ‘र’सारखा उच्चारला जातो, म्हणून ‘गाडी’ची ‘गारी’ आणि ‘घोडा’चा ‘घोरा’. शब्दाच्या आरंभी मात्र ‘ड’ तसाच राहतो, म्हणून ‘डोला’ होतो, ‘रोला’ होत नाही. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ हेही तसेच नियमाने. मुलगा आपल्या आजीकडून मिळालेले व्याकरण काटेकोर पाळतो आहे. ज्या शिक्षिकेला हा नियम ठाऊक आहे, ती त्याला दोन स्तंभ काढून देईल: एकीकडे ‘घरी आपण असे म्हणतो’, दुसरीकडे ‘पुस्तकात असे लिहितो’. पंधरा दिवसांत तो मुलगा दोन्हीकडे सहज ये-जा करू लागेल. ज्या शिक्षिकेला तो ठाऊक नाही, ती रोज चार रेघा मारील. मुलगा त्यातून एवढेच शिकेल की तोंड उघडले की चुकते. सातवीपर्यंत तो वर्गात बोलणे सोडून देतो, आणि मग त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘मितभाषी’ असा शेरा पडतो.

हिंदी बोलणाऱ्या मुलाचे कोडे निराळे. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. ‘पुस्तक’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण हिंदीत तो स्त्रीलिंगी असल्यामुळे मूल ‘माझी पुस्तक’ म्हणणारच. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ मराठीत वेगळे उच्चारले जातात, लिहिले मात्र सारखेच जातात. मराठी घरातल्या मुलाला हे कोणी शिकवत नाही आणि हिंदी घरातल्या मुलालाही कोणी शिकवत नाही. पहिल्याचे अडत नाही, दुसऱ्याला हसतात. याहून सूक्ष्म गोष्ट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले तर ऐकणारा वगळला जातो, ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले तर तो त्यात येतो. हिंदीत दोन्हीला एकच ‘हम’. तेलुगूत मात्र मराठीसारखाच भेद आहे, गुजरातीतही आहे. त्यामुळे बाईंनी ‘आता आपण धडा वाचू’ असे म्हटले की तेलुगू मुलीला त्यातला ‘आपण’ चटकन उमजतो, पण बिहारहून आलेल्या मुलाला तो कुणाकुणाला सामावून घेतो हे कळायला वेळ लागतो.

गणितातही हेच. २७ हा आकडा मराठी मूल ‘सत्तावीस’ असा वाचते, म्हणजे आधी एकक आणि मग दशक, हिंदीतही ‘सत्ताईस’. तेलुगूत ‘इरवै एडु’, कन्नडमध्ये ‘इप्पत्तेळु’, म्हणजे आधी वीस आणि मग सात, जसे लिहितात तसेच. २९ ला मराठीत ‘एकोणतीस’ म्हणतात, म्हणजे तिसाला एक उणे. तेलुगू मुलीने ऐकून ७२ लिहिले तर तिला गणित येत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असेही वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टिंगल झाली, हे अनेकांना आठवत असेल. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे त्यामागचे कारण सांगितले होते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या पुष्कळ सुजाण माणसांनीही त्या वेळी घाई केली, असे आज म्हणावे लागते. ‘सत्तावीस’ कोणी काढून टाकलेले नव्हते. त्याच्यापर्यंत जाण्यासाठी एक पायरी ठेवली होती.

आता प्रश्न असा, की बी.एड.च्या अभ्यासक्रमात यातले काय शिकवले जाते? छात्राध्यापक दोन अध्यापन पद्धती निवडतो, समजा मराठी आणि इतिहास. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ होतात, सराव पाठ होतात, पाठ टाचणाच्या वह्या रंगीत शाईने सजतात. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, फलकलेखन यांचे रकाने भरले जातात. समावेशक शिक्षणावर एक प्रश्नपत्रिका असते आणि तीत उत्तीर्णही होता येते. पण आठवीतील तेरा वर्षांचा मुलगा अडखळत वाचतो, त्याला वाचायला कसे शिकवावे याचे एकही प्रात्यक्षिक त्यात सहसा नसते, कारण वाचन हे पहिली-दुसरीचे काम, असे गृहीत धरलेले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी अपात्र ठरवले. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असते, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. परंतु शहराच्या काठावरील शाळेत पहिलीचे काम आठवीपर्यंत शिल्लक राहिलेले असते, ही वस्तुस्थिती त्या निकालाने बदलत नाही.

प्रशिक्षण शाळेपासून तुटलेले आहे, ही तक्रार नवी नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ती नोंदवली होती. पुढे शिक्षक शिक्षणाला दुकानाचे रूप आले. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या आयोगाने २०१२ मध्ये याविषयी कठोर अहवाल दिला. हा आयोग ज्या वादातून नेमला गेला तो महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा होता, हे आपल्या राज्याला भूषणावह नाही. देशातील अशा संस्थांपैकी सुमारे नव्वद टक्के खासगी क्षेत्रात होत्या. त्या अहवालानंतर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि वीस आठवड्यांची आंतरवासिता सक्तीची झाली. कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात किती ठिकाणी छात्राध्यापक शाळेत केवळ सही करून परततो, रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला ‘मुलांना गप्प बसवा’ एवढेच काम त्याला मिळते, हे या सभेतील मंडळींना सांगायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सांगितला आणि २०२३-२४ मध्ये तो देशातील ५७ संस्थांत सुरूही झाला. पण वर्षे एक, दोन की चार, यावर जेवढी चर्चा होते तेवढी त्या वर्षांत काय घडावे यावर होत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूविषयीही बोलले पाहिजे, आणि ती बाजू मध्यमवर्गीय घरांची आहे. घरात हुशार मुलगी असेल तर तिने अभियंता व्हावे, सनदी लेखापाल व्हावे. काहीच जमले नाही तर ‘बी.एड. करून टाक’ असे तिला सांगितले जाते. गुरूला देवाच्या पंक्तीत बसवणाऱ्या समाजात शिक्षकी पेशा शेवटचा पर्याय कसा झाला? दोष केवळ घरांचा नाही. २०१२ मध्ये राज्यातील शिक्षकभरती थांबली आणि पुढे अनेक वर्षे पदवी, बी.एड., पात्रता परीक्षा असे सारे हाती असलेले तरुण वाट पाहत राहिले. पवित्र पोर्टल आले, अभियोग्यता चाचणी आली, पण मधल्या काळात कित्येकांची उमेद संपली. नोकरी मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. २०२२ अखेरपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन महिना सहा हजार रुपये होते. २०२३ पासून ते सोळा हजार झाले. विनाअनुदानित शाळांत काय मिळते, ते मिळणाऱ्यांनाच माहीत. बांधकामावरच्या गवंड्याची मजुरी याहून बरी असते आणि गवंड्याचे मूल त्याच शिक्षिकेच्या वर्गात बसलेले असते. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा अनिवार्य केली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना तेवढी सूट आहे. वीस वर्षे शिकवलेल्या बाई पन्नाशीच्या जवळ पुन्हा प्रश्नसंच सोडवीत आहेत. गुणवत्तेचा आग्रह योग्य. पण आगरी, कातकरी, भोजपुरी बोलणारी वीस वर्षांची मुले ज्यांच्या हातून गेली, त्यांच्याकडे असलेले ज्ञान त्या परीक्षेत कोठेच विचारले जात नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी ते त्यांच्याबरोबर शाळेबाहेर निघून जाते.

परदेशात या प्रश्नाकडे कसे पाहिले गेले? अमेरिकेतील बोस्टन शहराने २००३ मध्ये वैद्यकीय निवासी प्रशिक्षणाच्या धर्तीवर शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले. पदवीधराने पूर्ण वर्षभर शहरातल्याच शाळेत, एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात, त्याच्या हाताखाली काम करायचे, त्याबरोबरच अभ्यासक्रम पूर्ण करायचा आणि नंतर किमान तीन वर्षे त्याच शहराच्या शाळांत शिकवायचे. नवखा डॉक्टर जसा एकट्याने शस्त्रक्रिया करीत नाही, तसा नवखा शिक्षक एकट्याने वर्ग घेत नाही. भारतात २००९ पासून ‘टीच फॉर इंडिया’ने मुंबई-पुण्यातून सुरुवात करून तरुण पदवीधरांना दोन वर्षांसाठी गरीब वस्त्यांतील शाळांत पाठवले. त्या तरुणांची तळमळ खरी आहे. परंतु वस्ती ओळखीची होते, मुलांच्या घरचे ‘ताई’ म्हणून हाक मारू लागतात, तोच दोन वर्षे संपतात.

अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या कामाला हात घातला आणि १९४५ मध्ये बोर्डीला, १९५७ मध्ये कोसबाडला त्या गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. शाळेत मुले येत नाहीत, म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला मिळाला. वारली मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळा कुरणावर नेली, ती कुरणशाळा. आज हा सारा इतिहास बी.एड.च्या परीक्षेत टिपा लिहिण्यापुरता उरला आहे. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी केलेले कामही असेच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेल्या या विदुषीने फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांवर भाषाशास्त्रीय संशोधन केले आणि मग तेथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. वंचित वस्तीतील मुले वाचायला का शिकत नाहीत, याचा शोध त्यांनी मुलांच्या बुद्धीत न घेता शिकवण्याच्या रीतीत घेतला. मराठी मुलाची बोली कान देऊन ऐकण्याचे काम परदेशातून आलेल्या बाईंनी करावे, ही गोष्ट जितकी आनंदाची तितकीच थोडी खजील करणारीही आहे.

कातकरी मुलांविषयी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक आहे, कारण ही मुले वर्गात असण्यापेक्षा हजेरीपटावरच अधिक असतात. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींपैकी ही एक, आणि तिची मोठी वस्ती रायगड-ठाण्यातच आहे. दिवाळी झाली की कुटुंब वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र या मुलांच्या आयुष्यात जवळजवळ नसतेच. शासनाने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढले, हंगामी वसतिगृहे काढली. ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालल्या. तरी जूनमध्ये परतलेल्या मुलाला सहावीतून सातवीत ढकलले जाते आणि पाचवीचे अर्धे त्याला आलेले नसते. या मुलाला कोणत्या महिन्यात कोणता मासा, कोणता खेकडा मिळतो हे ठाऊक असते. कोणता कंद कच्चा खाल्ला तर घसा खाजतो, तो किती उकळावा हे ठाऊक असते. विटांचा हजाराचा थर कसा मोजतात तेही ठाऊक असते. हजारांत मोजणाऱ्या या मुलाला ‘हजार म्हणजे किती शेकडे’ हा प्रश्न मात्र ‘येत नाही’ या रकान्यात टाकतो. शिक्षकाने एकदा त्याला विटांच्या भाषेत विचारले पाहिजे. पण त्यासाठी शिक्षकाने एकदा तरी भट्टी पाहिलेली असली पाहिजे.

आणि येथेच पनवेलच्या हातात असलेली एक गोष्ट आठवते. रायगड जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, जिला सर्वजण ‘डाएट’ म्हणतात, ती पनवेललाच आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून देशभर अशा संस्था निघाल्या, त्या याच हेतूने की प्रशिक्षण दिल्ली-पुण्याच्या पुस्तकातून न होता जिल्ह्याच्या मातीतून व्हावे. शहरात आणि परिसरात पदवी महाविद्यालये आहेत, अध्यापक महाविद्यालये आहेत. मराठी, उर्दू, इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा आहेत. आणि निवृत्त शिक्षक तर प्रत्येक सोसायटीत दोन-चार आहेत. वीस आठवड्यांच्या आंतरवासितेसाठी कायद्यात बदल नको की नवा निधी नको. छात्राध्यापकाला वीस आठवडे एकाच वर्गात, एकाच अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली ठेवले, प्रत्येकाने दहा मुलांच्या घरी जाऊन चहा घेतला, घरात कोणती भाषा बोलतात ते वहीत नोंदवले, आणि निवृत्त बाईंनी आठवड्यातून एकदा त्या वह्या पाहिल्या, तर पाठ टाचणाच्या रंगीत वह्यांपेक्षा त्या वह्या अधिक उपयोगी पडतील. आगरी, कातकरी, गोरबोली, भोजपुरी, तेलुगू आणि कोकणी मुसलमानांची बोली यांचे शंभर-शंभर शब्द आणि दहा-दहा नियम असलेली एक पुस्तिका पनवेलचे शिक्षक स्वतः तयार करू शकतात. त्याला कोणाची मान्यता लागत नाही. उर्दू शाळेतील शिक्षिकेला आणि मराठी शाळेतील शिक्षिकेला त्यासाठी एका टेबलाशी बसावे लागेल. तेही पनवेलला नवे नाही.

एक शंका येथे घेतली जाईल. इतक्या बोलींचे कौतुक केले तर प्रमाण मराठीचे काय? महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला उत्तम मराठी आलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. त्याच्या न्यायालयातील अर्जाची, नोकरीच्या मुलाखतीची, वृत्तपत्राची भाषा ती आहे. तिच्यावाचून ठेवणे म्हणजे त्याला दाराबाहेर ठेवणे. परंतु तिच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता मुलाच्या घरातून निघतो. हिंदी तिसरी भाषा म्हणून पहिलीपासून असावी की नाही, यावर २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात महाराष्ट्रात रान उठले आणि शेवटी शासनाने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. पहिलीच्या वर्गात त्याच क्षणी चार-पाच भाषा बसलेल्या आहेत आणि समोरच्या बाईंना त्यांतील एकच येते, याचा उल्लेख मात्र क्वचितच झाला.

पालकांसाठी एक शब्द. ज्यांची मुले खारघरच्या किंवा नव्या पनवेलच्या चांगल्या शाळेत शिकतात, त्यांनी एकदा वर्गशिक्षिकेला विचारून पाहावे की तिने प्रशिक्षणात किती दिवस प्रत्यक्ष वर्गात काढले. शुल्क, बस, गणवेश यांची चौकशी होते. ही होत नाही. आणि ज्यांच्या घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली, लहान मुलांत रमणारी मुलगी आहे, त्यांनी तिने ‘शिक्षिका होते’ म्हटल्यावर लगेच सुस्कारा टाकू नये.

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. त्याच आठवड्यात भट्ट्यांवरची कुटुंबे वाड्यांवर परतलेली असतात, गावाकडे गेलेले हमाल-गवंडी मुलांसह पुन्हा कळंबोलीत उतरलेले असतात, आणि नव्या प्रवेशांचे कागद घेऊन पालक मुख्याध्यापकांच्या दारात उभे असतात. कोणाला दाखला हवा असतो, कोणाचे आधार नसते, कोणाला मराठी कळत नाही. वर्षातला शिक्षकाची सर्वांत अधिक गरज असलेला आठवडा तो. बी.एड.च्या पहिल्या वर्षाचे प्रवेश त्या वेळी पूर्ण झालेले नसतात, पण दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी उपलब्ध असतात. येत्या जूनमध्ये त्यांची आंतरवासिता पहिल्या दिवसापासून सुरू करायची असेल, तर शाळांनी आणि महाविद्यालयांनी एप्रिलच्या आत एकत्र बसून कोणता छात्राध्यापक कोणत्या वर्गात जाईल ही यादी करावी लागेल. सभा संपल्यावर मुख्याध्यापक मंडळी चहासाठी थांबणार आहेत, तेव्हा तारीख ठरवता येईल.